शकुंतलेची खूण

‘अभिज्ञान’ म्हणजे ओळखीची खूण, असा अर्थ वर्गात सांगू लागलो की यवतमाळ परिसरातल्या आम्हा शिक्षकांना कालिदासाच्या नायिकेआधी एक आगगाडी आठवते. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापूरला जाणारी ही अरुंदमापी गाडी लोकांच्या तोंडी ‘शकुंतला’ होती.

तिचा जन्म मात्र काव्यातला नव्हे, कापसातला. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मुख्य लोहमार्गापर्यंत, तेथून मुंबईला आणि पुढे इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचवणे हा या सुमारे ११३ किलोमीटरच्या मार्गाचा हेतू. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे सरकारच्या झाल्या, पण हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी चालवणारी रेल्वे मात्र सरकारी. कापडाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मँचेस्टरात १९२१ साली घडलेले वाफेचे इंजिन तिला एप्रिल १९९४ पर्यंत ओढत होते. त्यानंतर डिझेल आले. आज या मार्गावर गाडी धावत नाही.

शोषणासाठी घातलेले रूळ लोकांनी आपलेसे करावेत, हा इतिहासाचा विलक्षण न्याय आहे. कापसाची वाहतूक ट्रककडे गेली, तरी बाजाराला, दवाखान्याला, सोयऱ्यांकडे निघालेल्या गरिबांची ही स्वस्त गाडी उरली. दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेला १९९९ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथे पर्यटक होते, हिमशिखरे होती. आमच्याकडे पऱ्हाटीची शेते होती आणि त्यांचे छायाचित्र काढायला कोणी येत नसे.

येथे जतनाचा प्रश्न अवघड होतो. ‘शकुंतला वाचवा’ म्हणणाऱ्यांची मुख्य मागणी रुंद मार्गाची होती, म्हणजे जुने रूळ उखडण्याचीच. प्रथम आम्हाला ही विसंगती वाटली. पुढे कळंबच्या चिंतामणीच्या पायऱ्या उतरताना उलगडा झाला. भूगर्भातले ते जुने देऊळ टिकले, कारण भाविकांचे पाय तेथे थांबले नाहीत. समाज वस्तू जपतो ती वापरातून. गाडी वाचवा म्हणणाऱ्याला लोखंड वाचवायचे नव्हते. आपल्या गावाला जगाशी जोडणारा धागा वाचवायचा होता. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्ध्याहून त्याच कळंबपर्यंत रुंदमापी मार्ग सुरू झाला. त्याचा आनंद आम्हालाही आहे.

तरीही एक कर्तव्य उरते. मार्ग नवा झाला म्हणून आठवण आपोआप टिकत नाही. एखादे जुने स्थानक दुरुस्त करून ठेवता येईल. आमच्या विद्यार्थ्यांना तर त्याहून सोपे काम आहे : गाडीने शाळेला गेलेल्या, डब्यात भाजीच्या पाट्या चढवलेल्या, रुळांवर राबलेल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत टिपून ठेवणे. ती माणसे आता थकली आहेत.

नाटकातली हरवलेली अंगठी कोणा दरबाऱ्याला सापडली नाही. सापडली ती एका कोळ्याला. आमच्या शकुंतलेची खूणही कार्यालयांच्या दप्तरांत नव्हे, अशाच साध्या माणसांपाशी आहे. ती मागायला आपण वेळेत गेले पाहिजे.