कविगोष्ठी ते मासिक बैठक : तोंडी समीक्षेचा एक विचार

मराठी समीक्षेचा इतिहास आपण बहुधा छापील सामग्रीच्या आधारे लिहितो. ग्रंथपरीक्षणे, प्रस्तावना, नियतकालिकांतील वाद आणि संमेलनाध्यक्षांची भाषणे ही त्याची प्रमाण साधने होत. परंतु कविता किंवा कथा छापखान्यात पोहोचण्यापूर्वी तिच्यावर एक संस्कार झालेला असतो. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या खोलीत किंवा कोणाच्या तरी माडीवर दहा-बारा माणसे जमतात; एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात आणि मग बोलतात. ही तोंडी समीक्षा आपल्यामागे दप्तर ठेवीत नाही. तिचा परिणाम मात्र संहितेत उरतो : गाळलेल्या ओळीत, बदललेल्या शेवटात, कधी न छापलेल्या संग्रहात. या बैठकीची मूल्यव्यवस्था कशी घडते आणि तिच्या मर्यादा कोठे आहेत, याचा विचार प्रामुख्याने नाशिकच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

ही प्रथा आधुनिक नाही. दहाव्या शतकातील राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त कविगोष्ठी आणि काव्यपरीक्षा यांचा विचार आढळतो. अपुरी रचना कोणापुढे वाचू नये, ती अपुरीच राहते, असे तो बजावतो. नवी रचना एकट्या श्रोत्यापुढेही वाचू नये, कारण त्याने ती आपलीच म्हणून सांगितली तर साक्षीदार कोठून आणणार? या व्यवहारी सल्ल्यामागे एक महत्त्वाचे गृहीत आहे : गोष्ठी ही केवळ आस्वादाची जागा नसून साक्षीचीही जागा आहे. त्याने भावकांचे, म्हणजे काव्य पारखणाऱ्यांचे, चार प्रकारही सांगितले आहेत : काहीच न रुचणारा, सरसकट सगळे गिळणारा, मत्सरी आणि तत्त्वाशी निष्ठा असणारा. कोणत्याही गावच्या बैठकीत आजही हे चौघे भेटतात. चौथा दुर्मीळ असतो, हेही राजशेखर जाणून होता.

नाशिकला अशा एकत्र येण्याची भूमी जुनी आहे. येथील सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० मधील. १९०० साली सावरकर बंधू आणि त्यांचे सहकारी यांनी सुरू केलेला ‘मित्रमेळा’ ही राजकीय संघटना होती. तिचेच पुढे १९०४ मध्ये ‘अभिनव भारत’ झाले. परंतु तिच्या आठवड्याच्या बैठकांत भाषणे, निबंध आणि पद्ये यांना स्थान होते, ही गोष्ट वाङ्मयेतिहासकाराने नजरेआड करू नये. स्वातंत्र्यकवी म्हणून ओळखले जाणारे गोविंद (गोविंद त्र्यंबक दरेकर) हे या वर्तुळातले. लावणीच्या वळणाने रचना करणारा हा कवी मेळ्याच्या सहवासात राष्ट्रीय कवितेकडे वळला. गटाचे श्रवण कवीचा विषय आणि रचनाप्रकार दोन्ही बदलू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय. हा बदल कवितेला सर्वस्वी हितकारकच झाला काय, हा प्रश्न मात्र विचारावयास हवा. समान ध्येयाने बांधलेला गट कवितेला बळ देतो. त्याचबरोबर तिने काय म्हणावे हेही आधीच ठरवून टाकतो.

या कवितेला दुसरा वाचकही लाभला. ‘लघु अभिनव भारतमाले’तील पद्ये प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पौराणिक आणि ऐतिहासिक संदर्भांआड कोणता अर्थ दडला आहे, याची छाननी न्यायालयाने केली. त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला आणि पुढे ते वर्तुळच उद्ध्वस्त झाले. बैठकीतल्या श्रोत्यांनी जो सूचितार्थ आपुलकीने ओळखला, तोच सरकारी वाचनाने पुराव्यादाखल ओळखला. काव्याचा अर्थ ऐकणाऱ्या समूहावर किती अवलंबून असतो, हे दाखविण्यास याहून कठोर दृष्टान्त नको.

निव्वळ वाङ्मयीन हेतूने जमलेल्या मंडळाचे प्रमुख मराठी उदाहरण म्हणजे पुण्याचे १९२३ मधील रविकिरण मंडळ. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, दिवाकर, ग. त्र्यं. माडखोलकर ही मंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत, कविता वाचत आणि चर्चा करीत. माधव ज्यूलियनांसारखा छंदःशास्त्राचा अभ्यासक ज्या गटात आहे, तेथे रचनेच्या सफाईचा आग्रह वाढणे स्वाभाविक होते. त्यांची ‘छंदोरचना’ आणि मंडळाच्या कवितेतील वृत्तांविषयीची जागरूकता एकाच वाङ्मयीन वातावरणातली आहेत. परंतु मंडळाच्या कवींनी काव्यगायन लोकप्रिय केले, तेव्हा खोलीची जागा सभागृहाने घेतली. खोलीत श्रोता प्रश्न विचारू शकतो. सभागृहात तो टाळी देतो किंवा देत नाही. टाळीला कारण सांगावे लागत नाही, म्हणून ती समीक्षा होऊ शकत नाही.

मंडळाला आतून जे ऐकू येईनासे झाले होते, ते बाहेरून आचार्य अत्र्यांनी १९२५ च्या ‘झेंडूची फुले’मधून ऐकविले. विडंबन ही येथे समीक्षाच होती : सवयीच्या प्रतिमा, लाडके शब्द आणि भावनेच्या लकबी यांची ती यादी होती. जे गट आपल्या लकबी स्वतः मोजीत नाहीत, त्यांच्यासाठी ते काम दुसरा कोणीतरी करतो. हेच अत्रे १९४२ च्या नाशिक साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी वि. स. खांडेकरांच्या पुढाकाराने कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ प्रसिद्ध झाली. गिरीशांचे चिरंजीव वसंत कानेटकर पुढे नाशिकलाच प्राध्यापक आणि नाटककार म्हणून स्थिरावले. पुणे आणि नाशिक यांमधली वाट अशी माणसांमधूनही जाते.

कुसुमाग्रजांनी १९३३ मध्ये नाशिकला ध्रुव मंडळ स्थापन केले आणि त्याच वर्षी त्यांचा ‘जीवनलहरी’ हा पहिला संग्रह आला. मंडळ आणि पहिला संग्रह एकाच वर्षी यावेत, ही संगती तरुण कवीला समूहाची किती गरज असते हे सुचविते. पण याच काळात, २ मार्च १९३० पासून, नाशिकमध्ये काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह चालू होता. १९३२ मध्ये कुसुमाग्रजांनी त्यात भाग घेतल्याची नोंद त्यांच्या चरित्रात आहे. वाङ्मयमंडळाच्या इतिहासाला हा संदर्भ उपरा नाही. ज्या शहरात देवळाच्या दारावर प्रवेशाचा लढा चालू आहे, तेथे काव्यवाचनाच्या खोलीत कोण येऊ शकतो, हा प्रश्नही त्याच इतिहासाचा भाग ठरतो. त्या खोलीला कडी नव्हती. तिची भाषा, शिक्षण, ओळखीपाळखी आणि अभिरुचीविषयीची गृहीतके हाच उंबरठा होता.

नाशिकजवळच्या विहितगावी १९३० मध्ये जन्मलेले बाबुराव बागूल लेखक म्हणून घडले ते मुंबईत, माटुंगा लेबर कॅम्पातील आंबेडकरवादी आणि कम्युनिस्ट चळवळींच्या वातावरणात. १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ने मराठी कथेची मोजमापेच बदलली. त्या कथांना सुसंस्कृत मंडळाच्या पूर्वसंमतीची गरज भासली नाही. त्यांचे पहिले श्रोते वेगळे होते. म्हणून बैठकीचे मूल्यमापन तिने किती कवी घडविले एवढ्यावरच करता येणार नाही. तिला कोण ऐकूच आले नाही, हेही हिशेबात धरावे लागेल.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाचावयास दिल्या आणि त्यांच्या प्रतिसादांची चिकित्सा १९२९ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. आपली मासिक बैठक या प्रयोगाच्या नेमकी उलट आहे. येथे कवी समोर बसलेला असतो, त्याचा आवाज कवितेची बाजू घेत असतो आणि पुढच्या महिन्यात आपलीही पाळी येणार याचे भान प्रत्येकाला असते. त्यातून परस्परांना सांभाळून घेण्याचा अलिखित करार जन्मतो. एके काळी या कराराला बाहेरचा उतारा उपलब्ध होता. ‘सत्यकथा’सारख्या मासिकाचे संपादक लेखकाशी संहितेविषयी बारकाईने चर्चा करीत. १९८२ मध्ये ते मासिक बंद पडले. पुढे स्वखर्चाने संग्रह काढणे सोपे होत गेले आणि समाजमाध्यमांवर रचना लिहिल्याक्षणी प्रसिद्ध होऊ लागली. त्यामुळे नकार देऊ शकणारा वाचक पुष्कळ लेखकांना आता गावच्या बैठकीतच भेटला तर भेटतो. तिच्यावरील जबाबदारी घटलेली नाही, उलट वाढली आहे.

ती पेलावयाची तर काही साध्या गोष्टी पुरे आहेत. कविता लेखी प्रतीवरून, कवीखेरीज दुसऱ्याने वाचावी. मताबरोबर ओळ दाखवावी. आधीच्या बैठकीनंतर काय बदलले याची नोंद ठेवावी. आणि ज्याची भाषा आपल्या कानाला खडबडीत वाटते, त्याला दुरुस्त करण्याआधी आपला कान तपासावा. राजशेखराचा चौथा भावक जन्माने मिळत नाही. तो अशा सरावाने घडतो. मंडळे त्यांच्या नावाने आणि वर्धापनदिनाने इतिहासात राहतात, पण त्यांची खरी कसोटी त्यांच्यासारखी नसलेली कविता त्यांच्या दारी आली त्या दिवशी लागते.