एकदाच ऐकायचं

चीनमध्ये कॉलेजप्रवेशाची परीक्षा, गाओकाओ, १९६६ ला बंद पडली ती १९७७ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. इंग्रजीचे पूर्ण गुण धरू लागले ते १९८३ पासून! तोवर इंग्रजी म्हणजे बहुतेकांना डोळ्यांनी वाचायची भाषा. १९८२ ला बीबीसीची 'फॉलो मी' मालिका तिथल्या टीव्हीवर आली, आणि लोक ऐकू लागले. पुढे राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत ऐकण्यालाही १५० पैकी ३० गुण आले. पहिली पाच संभाषणं एकदाच वाजतात, बाकीची दोनदा. खेड्यातल्या पोराचं त्या एका वेळेला लक्ष चुकलं की गेलं.

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, वर्गात टेप एकदाही लावली नाही. मुलांनी ऐकलं ते माझ्याच तोंडून. ते कसं होतं, हे नात हसत हसत सांगते.