मॉरिस, रॉबर्ट

(३१ जानेवारी १७३४ – ८ मे १८०६). अमेरिकन व्यापारी, राजकारणी व स्वातंत्र्ययुद्धकाळातील अर्थव्यवस्थापक. जन्म इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे. किशोरवयात तो वडिलांकडे मेरिलंडमध्ये गेला. फिलाडेल्फियातील एका पेढीत उमेदवारी करून १७५७ मध्ये तो टॉमस विलिंगचा भागीदार झाला. त्यांच्या पेढीने इतर मालाबरोबर गुलामांचाही व्यापार केला; स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्याच्या चरित्रातील ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

१७७५ मध्ये तो कॉन्टिनेंटल काँग्रेसचा सदस्य झाला. स्वातंत्र्याची घोषणा अकाली आहे, असे त्याचे मत होते. म्हणून २ जुलै १७७६ च्या मतदानास तो अनुपस्थित राहिला. तथापि बहुमताचा निर्णय स्वीकारून ऑगस्टमध्ये त्याने जाहीरनाम्यावर सही केली. सार्वजनिक व खाजगी व्यवहारांची त्याने सरमिसळ केल्याचा आरोप टॉमस पेन इत्यादींनी केला; चौकशीत मात्र तो निर्दोष ठरला.

१७८१ मध्ये तो अर्थ-अधीक्षक झाला, तेव्हा काँग्रेसचे कागदी चलन जवळजवळ कवडीमोल झाले होते आणि कर बसविण्याचा अधिकार तिला नव्हता. अशा वेळी मॉरिसने स्वतःच्या सहीच्या वचनचिठ्ठ्या काढल्या. सरकारच्या नोटा नाकारणारे व्यापारी त्या स्वीकारीत. राष्ट्राची पत एका सावकाराच्या पतीवर उभी राहिली, असेच म्हणावे लागेल. यॉर्कटाउनच्या मोहिमेसाठी त्याने रसद व नौका मिळविल्या आणि सैनिकांच्या पगारासाठी फ्रेंचांकडून रोख नाणे उसने घेतले. फ्रान्सहून आलेल्या चांदीच्या आधारावर त्याने ‘बँक ऑफ नॉर्थ अमेरिका’ स्थापिली (१७८१). आयातमालावर पाच टक्के जकात बसविण्याची योजना मात्र ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे फसली. १७८४ मध्ये त्याने पद सोडले. त्याच वर्षी कँटनला निघालेल्या ‘एम्प्रेस ऑफ चायना’ या पहिल्या अमेरिकन व्यापारी जहाजात त्याचे भांडवल होते.

१७८७ च्या संविधान परिषदेत त्याने अध्यक्षपदासाठी वॉशिंग्टनचे नाव सुचविले. १७८९–९५ या काळात तो सीनेटर होता. याच सुमारास उसन्या पैशावर त्याने लक्षावधी एकर जमिनी खरेदी केल्या. यूरोपातील युद्धांमुळे गिऱ्हाइके व भांडवल दोन्ही आटली. लांफांने आखलेला त्याचा प्रासाद अर्धवट राहिला. लोक त्याला ‘मॉरिसचे खूळ’ म्हणू लागले. फेब्रुवारी १७९८ मध्ये त्याला कर्जापायी अटक झाली. तुरुंगात वॉशिंग्टन त्याच्याबरोबर भोजनास गेला होता. १८०० च्या दिवाळखोरी कायद्यामुळे १८०१ मध्ये त्याची सुटका झाली. तेव्हा त्याच्यावर सु. ३० लाख डॉलर कर्ज होते. फिलाडेल्फिया येथे तो मरण पावला.