गुन्हा कोणाचा ?

सोलापूर म्हटलें कीं चादरी, गिरण्यांचे भोंगे आणि १९३० चा लष्करी कायदा एवढें आपणांस तत्काळ आठवतें. त्याच शहरांत १९३२ सालीं जन्मलेल्या एका मुलीनें हिंदी बोलपटांतील दुष्टपणास पुढें जें मोहक रूप दिलें, त्याचें स्मरण मात्र क्वचितच होतें. ती मुलगी म्हणजे शशिकला.

बी. आर. चोप्रा यांच्या १९६३ च्या ‘गुमराह’ची नायिका मीना हिला साध्वीही म्हणतां येत नाहीं आणि कुलटाही. मृत बहिणीच्या लेकरांसाठीं ती आपलें प्रेम गिळून मेहुण्याशीं, बॅरिस्टर अशोकशीं, विवाह करते. परंतु पूर्वीचा प्रियकर भेटतांच तिचें मन पुन्हां डळमळतें. इतक्यांत त्या प्रियकराची पत्नी म्हणवणारी लीला उपस्थित होते आणि गुपित फोडण्याची धमकी देऊन पैसे उकळूं लागते. शशिकलेची ही लीला घरांत शिरली कीं मीनेबरोबर प्रेक्षकाचाही श्वास कोंडतो. अखेरीस उलगडा होतो, तो असा कीं लीला ही अशोकचीच सेक्रेटरी. सारा डाव पतीनेंच रचलेला!

येथें आम्हांस थांबावेंसें वाटतें. धमकी देऊन पैसे घेणें हा गुन्हा होय, हें बॅरिस्टरास कोणीं शिकवावयास नको. तरी प्रेक्षक त्यास क्षमा करतो. कारण त्यानें संसार वांचविला. अशोकची भूमिका करणाऱ्या अशोककुमारांनींच १९४३ च्या ‘किस्मत’मध्यें चोर नायक रंगविला होता, आणि कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहांत तो बोलपट तीन वर्षांहून अधिक चालला. तेव्हां चोरास त्याच्या मनाच्या चांगुलपणामुळें क्षमा मिळाली. वीस वर्षांनीं पतीस त्याच्या अधिकारामुळें मिळाली. राग उरला तो हुकूम पाळणाऱ्या लीलेच्या वांट्यास.

मीना शेवटीं पतीजवळ राहते. परंतु पाळत आणि दहशत यांच्या बळावर राखलेली निष्ठा कितपत खरी, हा प्रश्न चित्रपट संपला तरी मिटत नाहीं. आमच्या मतें ‘गुमराह’चें खरें रहस्य लीला कोण हें नसून आपण कोणाचा गुन्हा गुन्हा मानतों, हें आहे.

‘आरती’ आणि ‘गुमराह’ या दोहोंसाठीं शशिकलेस फिल्मफेअर पारितोषिक लाभलें. रजतपटावर निर्दय भासणाऱ्या याच स्त्रीनें उत्तरायुष्यांत मदर तेरेसांच्या संस्थेंत रुग्णसेवा केली. २०२१ मध्यें ती निवर्तली. सोलापूरकरांनीं तिला विसरूं नये.