रक्तातील मीठ आणि पाणी

रक्ततपासणीच्या कागदावर ‘सोडियम’ या शब्दापुढे जास्तीचा आकडा दिसला, की घरोघरी पहिला हुकूम सुटतो तो मिठाचा डबा बंद करण्याचा. सोडियम मिठात असते, तेव्हा मीठच अधिक खाल्ले गेले असणार, असा सरळ हिशेब आपण मांडतो. परंतु या आकड्याचा इतिहास पाहिला तर हा हिशेब बहुधा चुकतो. हा आकडा मिठाइतकाच, किंबहुना मिठाहूनही अधिक, पाण्याचा आहे.

सोडियम हा धातू १८०७ साली इंग्लंडात हम्फ्री डेव्ही याने कॉस्टिक सोड्यातून विजेच्या साहाय्याने प्रथम वेगळा केला. रक्ताशी त्याचा संबंध उमगण्यास मात्र पटकीची साथ कारण झाली. १८३१ साली ही साथ इंग्लंडातील संडरलंड बंदरात पोहोचली. त्या काळी रोग्याचे रक्त काढणे हा रूढ उपचार होता! अवघ्या बाविशीतील डॉक्टर विल्यम ओशॉनेसी याने रोग्यांचे रक्त तपासले आणि दाखवून दिले, की त्यातील पाणी व क्षार दोन्ही घटलेले आहेत. तेव्हा ते परत द्यावयास हवेत. हाच गृहस्थ १८३३ साली कलकत्त्यास आला, तेथील मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला आणि पुढे हिंदुस्थानात तारायंत्र उभारण्यातही अग्रेसर ठरला.

त्याचे म्हणणे वाचून १८३२ साली स्कॉटलंडमधील डॉक्टर थॉमस लट्टा याने एका मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेत सहा पाइंट क्षारयुक्त पाणी सोडले. तिची नाडी परतली, चेहऱ्यावर तेज आले. दुर्दैवाने जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा दिले गेले नाही, आणि ती काही तासांतच गेली. परंतु आजच्या सलाइनच्या बाटलीचा उगम तेथेच आहे.

रक्तातील सोडियम झटपट मोजता येऊ लागले ते १९४० नंतर. खारट पाणी उतू गेले की गॅसची ज्योत पिवळी होते, हे आपण रोज पाहतो. तो पिवळेपणा सोडियमचा. त्याच तत्त्वावर ज्योतीचा पिवळा प्रकाश मोजणारे यंत्र निघाले. आता हे काम बहुधा विद्युदग्रे करतात. साधारणतः दर लिटरास १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट हे प्रमाण योग्य मानतात.

ते वाढते कसे? आमटीत मीठ बेताचेच घातले, पण ती आटली, तर खारट लागते; रक्ताचेही तसेच. ताप, जुलाब, घाम, मधुमेहात वारंवार होणारी लघवी यांनी पाणी जाते, आणि ते भरून निघाले नाही की आकडा चढतो. धडधाकट माणसास तहान लागते, तो पाणी पितो, मूत्रपिंडेही तोल सांभाळतात. म्हणून खारट खाणाऱ्याचा रक्तदाब वाढेल, पण सोडियमचा आकडा सहसा बिघडत नाही. धोका असतो तो तान्ह्या बाळास, अंथरुणास खिळलेल्यास आणि तहान मंदावलेल्या वृद्धास.

निव्वळ मिठानेही अनर्थ होतो. १९६२ साली अमेरिकेत बिंगहॅम्टन येथील इस्पितळात साखरेच्या जागी मीठ भरले गेले आणि त्या दुधाने सहा अर्भके दगावली.

१९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेल्या मिश्रणात सोडियमचे प्रमाण ९० होते. साध्या जुलाबांच्या बालकांत रक्तातील सोडियम वाढण्याची भीती इत्यादी कारणांनी ते २००२ साली ७५ करण्यात आले. म्हणूनच पुडी सांगितलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवावी. पाणी कमी घालून ती ‘कडक’ करू नये.

तेव्हा भगिनींनो, आजी सुस्त झाल्या, असंबद्ध बोलू लागल्या, जीभ कोरडी पडली, आणि कागदावर सोडियम अधिक आले, तर मीठ तोडून स्वस्थ बसू नये. त्यांच्या पोटात दिवसभरात पाणी किती गेले, हे आठवून त्वरित डॉक्टरांना सांगावे. घाईने तांब्यावर तांब्या पाणीही पाजू नये. चढलेला आकडा एकदम उतरला तर मेंदूस सूज येते, म्हणून डॉक्टर तो सावकाश उतरवितात. एरवी मात्र, ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेले नाही अशा वडीलधाऱ्यांस, त्यांनी मागण्याची वाट न पाहता, वेळच्या वेळी पेला हाती द्यावा.