खेळाडूंची देवघेव: लाभ कोणाचा, तोटा कोणाचा?

व्यापाऱ्यानें केलेल्या सौद्याचा निकाल दिवेलागणीला गल्ल्यावर लागतो. शेतकऱ्यानें केलेल्या बैलांच्या अदलाबदलीचा निकाल पुढच्या पेरणीला लागतो. पण एका संघानें आपला खेळाडू दुसऱ्या संघास दिला, किंवा दुसऱ्याचा आपल्याकडे आणला, तर त्या व्यवहाराचा निकाल केव्हां आणि कोणीं लावावयाचा? प्रेक्षक तो त्याच दिवशीं लावून मोकळे होतात. इतिहासाला मात्र तो लावण्यास कधीं कधीं साठ-सत्तर वर्षें लागतात. या दोन निकालांमधील अंतर किती असतें आणि तें कां पडतें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

उदाहरण ताजें आहे. नोव्हेंबर २०२३ मध्यें हार्दिक पंड्या हा खेळाडू गुजरात टायटन्स संघाकडून मुंबई इंडियन्स संघाकडे आला. गुजरातला त्यानें २०२२ सालीं पहिल्याच हंगामांत विजेतेपद मिळवून दिलें होतें, आणि २०२३ मध्यें अंतिम सामन्यापर्यंत नेलें होतें. मुंबईनें त्याच्या बदल्यांत खेळाडू न देतां द्रव्य मोजलें, आणि थोड्याच दिवसांत रोहित शर्मा याच्याकडील कर्णधारपद काढून त्याच्या हातीं दिलें. मग मुंबईपासून आमच्या हिंगोलीपर्यंत जेथें जेथें चार क्रिकेटप्रेमी एकत्र बसले तेथें तेथें एकच वाद सुरू झाला: हा सौदा केला तो शहाणपणाचा कीं आत्मघाताचा? २०२४ च्या हंगामांत वानखेडे मैदानावर मुंबईच्याच प्रेक्षकांनीं आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडविली. संघ दहांमध्यें दहावा आला. आणि वाद मिटला असें सर्वांस वाटलें. पुढें २९ जून रोजीं ब्रिजटाउन येथें विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचें शेवटचें षटक याच खेळाडूनें टाकलें व भारत विजयी झाला. ४ जुलै रोजीं त्याच वानखेडेवर त्याच्या नांवाचा जयघोष झाला. खेळाडू तोच, मैदान तेंच. मध्यें गेले होते अवघे तीन महिने.

हंगाम चालू असतांनाच होणारी देवघेव तर याहूनही क्षोभकारक. अमेरिकेंतील बास्केटबॉलमध्यें ती रूढ आहे. तेथील डॅलस मॅव्हरिक्स संघानें फेब्रुवारी २०२५ मध्यें, हंगामाच्या ऐन मध्यावर, लुका डोंचिच हा आपला पंचविशींतील खेळाडू लॉस एंजेलिस लेकर्स संघास दिला, आणि त्याच्या बदल्यांत मुख्यतः अँथनी डेव्हिस हा तिशी ओलांडलेला खेळाडू घेतला. ज्यानें आठच महिन्यांपूर्वीं संघाला अंतिम फेरीपर्यंत नेलें, त्यालाच असें देऊन टाकलेलें पाहून तेथील प्रेक्षक क्रीडागृहाबाहेर निदर्शनें करूं लागले. नोव्हेंबर २०२५ मध्यें तो व्यवहार ठरविणाऱ्या व्यवस्थापकास पदावरून दूर करण्यांत आलें.

या सर्व वादांत दोनच रकाने मांडले जातात: आपण काय दिलें, आणि आपल्याला काय मिळालें. तिसरा रकाना सहसा कोरा राहतो. जो गेला तो कां गेला, आणि गेल्यावर त्याचें काय झालें, हा तो रकाना. आमच्या मतें खरा निकाल त्याच रकान्यांत असतो. हें मत पडताळून पाहण्यास महाराष्ट्राच्या क्रिकेटचा इतिहास उत्तम साधन आहे. आणि तो पाहण्यास हिंगोली ही जागाही वाईट नाहीं. रणजी करंडकाचे सामने १९३४-३५ मध्यें सुरू झाले तेव्हां हिंगोली निजामाच्या राज्यांत होती. म्हणजे १९३७-३८ चा करंडक जिंकणारा हैदराबाद संघ हा नकाशाप्रमाणें आमचा. आज पुण्याच्या संघटनेचा महाराष्ट्र संघ आमचा. आणि पैनगंगा ओलांडली कीं विदर्भ. तीन संघांच्या शिवेवर बसलेल्या माणसाला कोणत्याही एकाचा फारसा हट्ट उरत नाहीं.

प्रथम नागपूरकडे पाहूं. कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म १८९५ मध्यें नागपुरास झाला. त्यांच्या खेळाची कीर्ति वाढूं लागली तेव्हां, १९२३ मध्यें, इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनीं त्यांना आपल्या पदरीं घेऊन सैन्यांत अधिकार दिला. नागपूरनें त्यांच्या बदल्यांत कांहीं मागितलें नाहीं, आणि मागण्यासारखी स्थितिही नव्हती. त्या काळीं क्रिकेट खेळून पोट भरत नसे. संस्थानिकांजवळ मात्र खेळाची हौस होती आणि देण्यास नोकऱ्या होत्या. इंदुरास गेल्यावर तीनच वर्षांनीं, १९२६ मध्यें, नायडूंनीं मुंबईस इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध ११ षट्कारांसह १५३ धांवा काढल्या. १९३२ मध्यें लॉर्ड्‌सवर ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. नागपूरचा एक खेळाडू गेला हें खरें. परंतु नागपुरांतच राहून त्यांना तें स्थैर्य मिळालें असतें काय, हा प्रश्न विचारल्यावांचून तोट्याचा आंकडा लिहितां येत नाहीं.

आतां पुण्याकडे वळूं. महाराष्ट्र संघानें १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें करंडक जिंकला. कर्णधार होते प्राध्यापक दि. ब. देवधर. सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकविणाऱ्या या गृहस्थांनीं पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतांना मुंबईविरुद्ध २४६ धांवा केल्या. याच संघांत सांगलीचे विजय हजारे होते. १९३९-४० मध्यें पुण्यास बडोद्याच्या संघाविरुद्ध त्यांनीं नाबाद ३१६ धांवा केल्या. रणजी सामन्यांतील तें पहिलें त्रिशतक. ज्या संघाची त्यांनीं अशी दुर्दशा केली त्याच बडोद्याकडून ते १९४१-४२ पासून खेळूं लागले, आणि पुढील वीस वर्षें तेथेंच राहिले. बडोदें संस्थाननें त्यांना आपल्या सेवेंत घेतलें होतें.

या एका घटनेचा हिशेब दोन रकान्यांत मांडला तर चित्र अगदीं स्पष्ट दिसतें. बडोद्यानें १९४२-४३ मध्यें करंडक जिंकला. मार्च १९४७ मध्यें होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यांत हजारे यांनीं २८८ व गुल महंमद यांनीं ३१९ धांवा केल्या. दोघांनीं मिळून चौथ्या गड्यासाठीं ५७७ धांवांची जी भागीदारी केली ती २००६ पर्यंत जगांत कोणत्याही गड्यासाठीं सर्वांत मोठी होती. गुल महंमद हेही बाहेरून, लाहोरहून, आलेले. उलट पक्षीं महाराष्ट्राकडे १९४१ नंतर आठ दशकांहून अधिक काळ करंडक आला नाहीं. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या तीन वेळीं संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला आणि हरला. भरीस भर म्हणून पुण्यांत जन्मलेले चंदू बोर्डे हेही १९५४ नंतर कांहीं वर्षें बडोद्याकडून खेळले, आणि १९५७-५८ चा करंडक त्याच काळांत बडोद्यास गेला. पुण्याचा अभिमानी म्हणेल, आम्हीं पोसलें आणि दुसऱ्यानें खाल्लें.

ही तक्रार खोटी नाहीं. ती अपुरी आहे. हजारे हे एका शिक्षकाचे पुत्र. देवास संस्थानच्या महाराजांनीं त्यांना क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन गोलंदाजाचें मार्गदर्शन मिळवून दिलें. महाराष्ट्राकडून खेळत असतांनाच्या वर्षांत ते मध्य भारत संघाकडूनही खेळले होते. म्हणजे त्यांची जडणघडण एका गांवाची वा एका संघाची नव्हतीच. बडोद्यास मिळालेल्या स्थैर्यावर त्यांनीं काय केलें? जानेवारी १९४८ मध्यें ॲडिलेड येथें ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटींत ११६ आणि १४५ अशीं दोन शतकें काढलीं. फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रास येथें भारतानें आपला पहिला कसोटी विजय मिळविला तेव्हां कर्णधार तेच होते. तोटा झाला तो महाराष्ट्र संघाचा. खेळाडूचा नाहीं, खेळाचा नाहीं, आणि देशाचाही नाहीं. पुण्यानें त्यांना मैदान दिलें, कौतुक दिलें. चरितार्थ दिला नाहीं. जेथें भाकरीची तजवीज आपण करूं शकलों नाहीं, तेथें जाणाऱ्यास दगाबाज म्हणण्याचा अधिकारही आपल्यापाशीं उरत नाहीं.

यावर कोणी असें म्हणेल कीं मग द्रव्य ज्याच्याजवळ तोच जिंकणार, आणि बाकीच्यांनीं नुसत्या टाळ्या वाजवाव्या. इतिहास असें म्हणत नाहीं. सी. के. नायडूंचे धाकटे बंधु सी. एस. नायडू हे बडोद्याकडून खेळत. १९४४ मध्यें ते बडोदें सोडून इंदुरास भावाकडे आले. त्याच हंगामांत लष्करी सेवेनिमित्त महूस असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन हाही होळकर संघास लाभला. अंतिम सामन्यांत मुंबईविरुद्ध कॉम्प्टननें नाबाद २४९ धांवा केल्या. सी. एस. नायडूंनीं त्या एका सामन्यांत १५२ षटकांहून अधिक गोलंदाजी केली, ११ गडी बाद केले आणि ४२८ धांवा दिल्या. इतकें करूनही होळकर संघ ३७४ धांवांनीं हरला. त्या संध्याकाळीं इंदूरकर प्रेक्षकास विचारलें असतें तर ही सारी आयात व्यर्थ ठरली असती. पुढच्याच वर्षीं होळकर संघानें बडोद्याचा पराभव करून करंडक मिळविला, आणि १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ मिळून एकंदर चार वेळां तो इंदुरास नेला.

पण याहून लांबचा हिशेबही आहे. संस्थानें गेलीं, राजाश्रय आटला, आणि १९५४-५५ नंतर होळकर या नांवाचा संघच उरला नाहीं. मुश्ताक अली यांच्यासारखा अस्सल इंदुरी खेळाडू त्या संघांत होता खरा, तरी संघाचा मोठा डोलारा दरबाराच्या खांबावर उभा होता. त्यानंतर मध्य प्रदेशाला करंडकासाठीं २०२२ पर्यंत, म्हणजे शेवटच्या होळकरी विजयापासून जवळजवळ सत्तर वर्षें, वाट पाहावी लागली. बडोद्याचें तसें झालें नाहीं. तेथें खेळाची परंपरा दरबार गेल्यावरही चालू राहिली. १९५७-५८ नंतर २०००-०१ मध्येंही करंडक त्या शहरास मिळाला. ज्या हार्दिक पंड्याच्या सौद्यावरून एवढें रान उठलें, त्याचें शिक्षणही बडोद्याच्याच मैदानावर झालें. एके काळीं जें शहर खेळाडू आणीत होतें, तें आतां खेळाडू पुरवूं लागलें आहे.

अगदीं अलीकडचा दाखला विदर्भाचा. नायडूंच्या नागपूरला करंडकाचें स्वप्नही पडत नव्हतें अशा दिवसांत, २०१५ मध्यें, मुंबईचा वसीम जाफर विदर्भाकडून खेळूं लागला. मुंबईनें त्याच्यावांचून त्या वर्षींचा करंडक जिंकला. आणि २०१६-१७ चा हंगाम दुखापतीमुळें जाफरच्या हातून सर्वस्वीं गेला. दोन वर्षांनंतर हिशेब करणारा म्हणाला असता, विदर्भ फसला. तिसऱ्या वर्षीं, चंद्रकांत पंडित या मुंबईकर शिक्षकाच्या हाताखालीं, विदर्भानें पहिल्यांदां करंडक जिंकला. योगायोग असा कीं तो अंतिम सामना इंदूरच्या होळकर मैदानावर झाला. दुसऱ्या वर्षीं जाफरनें १०३७ धांवा केल्या आणि करंडक पुन्हां नागपुरास राहिला. परंतु हें यश एकट्या पाहुण्याचें नव्हतें. कर्णधार फैज फजल नागपूरचा; पहिल्या अंतिम सामन्यांत लागोपाठ तीन गडी टिपणारा रजनीश गुरबानी विदर्भांतच तयार झालेला. जामठ्याच्या मैदानावर विदर्भाच्या संघटनेनें मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था केली होती. पाहुणा आला तो तयार घरांत आला. म्हणून तो गेल्यावरही घर उभें राहिलें, आणि २०२४-२५ मध्यें तिसरा करंडक मिळाला.

या सर्व उदाहरणांवरून आम्हांला जें निष्पन्न होतें तें असें. खेळाडू बाहेरून आणणाऱ्या संघाचा लाभ त्या हंगामाच्या गुणतक्त्यावर अवलंबून नसतो. आणलेल्या माणसाभोवतीं आपलीं मुलें उभीं करण्याची तयारी आहे कीं नाहीं, यावर असतो. आणि खेळाडू गमावणाऱ्याचा तोटा जाणाऱ्याच्या निष्ठेवर ठरत नसून, त्याला ठेवण्याजोगें आपण काय निर्माण केलें यावर ठरतो. प्रेक्षकांनीं वाद घालूं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ज्या संघाविषयीं कोणी भांडत नाहीं तो संघ मेला असें समजावें. त्यांनीं वाद तीन रकान्यांनीं घालावा, एवढेंच.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यास या प्रश्नाचा संबंध केवळ करमणुकीपुरता नाहीं. येथील मुलगा मैदानावर चमकला, किंवा परीक्षेंत चमकला, कीं तो नांदेडला, संभाजीनगरला, पुण्याला जातो. घरोघरीं हा सौदा होतच असतो, आणि त्याच्या बदल्यांत गांवास काय मिळालें हें विचारण्याची आपल्याला आठवणही होत नाहीं. जाण्यांत वाईट कांहींच नाहीं. परंपरा ज्या नरसीस नामदेवांचें जन्मस्थान मानते ती याच जिल्ह्यांतली. त्यांचीं ६१ पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत आहेत, आणि पंजाबानें त्यांना आपलें मानलें म्हणून नरसीचें कांहीं उणें झालें नाहीं. उणें होतें तें जाणाऱ्यामागें कांहीं उभें केलें नाहीं तर. दसऱ्याच्या दिवसांत आमचें रामलीला मैदान माणसांनीं फुलून जातें. वर्षाच्या इतर दिवशीं जिल्ह्यांतल्या किती गांवांत मुलांना खेळण्यास बरी खेळपट्टी, शिकविण्यास जाणता माणूस आणि सायंकाळीं चेंडू दिसेल एवढा मोकळा माळ आहे, हें मुंबईचा सौदा फसला कीं साधला याचा निर्णय देण्यापूर्वीं आपण एकदां मोजावें.