बारा किलोवॅटचं काय करायचं?

गेल्या जानेवारीत आमच्या बॉयलरने मान टाकली. बाहेर उणे दोन, घरात बारा, आणि आई नेमकी पुण्याहून आलेली. (आम्ही यॉर्कशायरमध्ये राहतो. तीन बेडरूमचं साधं जुनं घर.) मेकॅनिकने जोडजाड केली आणि "फार तर अजून एक हिवाळा काढेल" असं सांगून गेला. म्हटलं, आता पुन्हा गॅस नको, बाहेरच्या हवेतून उष्णता ओढणारा हीट पंप बसवू. इंग्लंड-वेल्समध्ये २०२३ च्या ऑक्टोबरपासून सरकार त्यासाठी साडेसात हजार पौंड देतंय, ते का सोडा?

पहिला बसवणारा आला, दहा मिनिटं घरभर फिरला आणि बारा किलोवॅटचं कोटेशन ठेवून गेला. आकडा कसा काढलात विचारलं, तर "असल्या घराला बारा लागतात, कमी पडायला नको." आई लगेच म्हणाली, "बरोबर बोलतोय तो. आपल्या हॉलचा एसी आठवतोय ना? एक टनाचा घेतला आणि दर उन्हाळ्यात पस्तावलो."

आता आईला कोण समजावणार! पण "कमी पडायला नको" हे वाक्य डोक्यात अडकलं आणि मग दोन विकांत मी हीट पंपाच्या इतिहासात घालवले.

सुरुवात १८५२ ची. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, तेव्हा ग्लासगोला प्राध्यापक होता आणि वय फक्त अठ्ठावीस. त्याने इमारती गरम किंवा थंड करण्यावर एक निबंध लिहिला. मुद्दा असा: कोळसा शेगडीत जाळला तर जास्तीत जास्त त्या कोळशाचीच उष्णता मिळणार. पण तोच कोळसा इंजिनात जाळून, त्या इंजिनाने बाहेरच्या थंड हवेतली उष्णता आत 'उपसली', तर घरात कितीतरी जास्त उष्णता येते. यात जादू काही नाही. आपला फ्रिज तेच करतो, भाजीची उष्णता काढून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. फक्त इथे फ्रिजच्या आत अख्खं यॉर्कशायर आहे.

गंमत म्हणजे या यंत्राच्या थंड बाजूला लगेच गिऱ्हाईक मिळालं. १८७९-८० मध्ये 'स्ट्रॅथलेव्हन' जहाजाने ऑस्ट्रेलियातून गोठवलेलं मांस लंडनला आणलं, ते असल्याच, हवा दाबून पसरवणाऱ्या यंत्राच्या जिवावर. गरम बाजू मात्र पाऊणशे वर्षं पडून राहिली. स्वस्त कोळसा असताना कोण कशाला पंप बसवतोय?

१९२० च्या दशकाच्या अखेरीस हॅल्डेन नावाच्या इंजिनिअरने स्कॉटलंडमधल्या स्वतःच्याच घरी प्रयोग केला. उष्णतेचा स्रोत म्हणून बाहेरची हवा वापरली आणि १९३० मध्ये मोजमापांसकट निबंध छापला. माझ्या मते आपल्या विषयाचा खरा मूळपुरुष हाच. पुढे १९३८ मध्ये झुरिकच्या टाऊन हॉलमध्ये लिम्मात नदीच्या पाण्यावर चालणारा पंप बसला. तो २००१ पर्यंत, म्हणजे ६३ वर्षं, होता. आमचा बॉयलर चौदाव्या वर्षी गेला!

आणि मग येतं लंडनचं रॉयल फेस्टिव्हल हॉल, साल १९५१. थेम्स नदीतून उष्णता उपसायची आणि सभागृह गरम करायचं. कॉम्प्रेसर म्हणून काय वापरलं असेल? रोल्स-रॉईस मर्लिनचे सुपरचार्जर. हो, स्पिटफायर विमानातल्या इंजिनाचे! यंत्र म्हणून ते उत्तम चाललं. पण क्षमता होती जवळपास २.७ मेगावॅट आणि सभागृहाची गरज त्याच्या कितीतरी खाली. उष्णतेचा अंदाजच फुगलेला होता. हिशेबात ते तोट्याचं ठरलं आणि फार काळ टिकलं नाही. हे वाचताना मला आमचं कोटेशन आठवलं.

अमेरिकेत उलटी चूक झाली. १९५० च्या दशकात तिथे हवेवरचे पंप घरोघर विकले गेले, पण आकार ठरायचा उन्हाळ्यातल्या एसीच्या गरजेवर. हिवाळ्यात कमी पडलं की आतली विजेची कॉईल पेटायची आणि बिल भडकायचं. त्यात कॉम्प्रेसरही भराभर जळायचे. बदनाम झालेला हीट पंप १९७३ च्या तेलसंकटानंतरच पुन्हा चर्चेत आला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपान्यांनी घरगुती एसीत इन्व्हर्टर आणला, तेव्हा कॉम्प्रेसर पहिल्यांदा गरजेप्रमाणे हळू-जोरात चालायला लागला.

"मग मोठा घेऊ, तो हळू चालेल की!" असं बायको म्हणाली, आणि मीही आधी हेच म्हटलं होतं. पण हळू चालण्याला तळ असतो. बारा किलोवॅटचं एक मॉडेल पाहिलं, ते चारच्या खाली उतरत नाही. आमच्याकडे हिवाळ्यातले बरेचसे दिवस उणे तीनचे नसतात, सात-आठ-दहा अंशांचे असतात. त्या दिवशी घराला लागणार अडीच किलोवॅट. म्हणजे यंत्र चालू, बंद, चालू, बंद. वीज जास्त खाणार आणि कॉम्प्रेसर झिजणार. गॅस बॉयलरला असल्या मोठेपणाचा तोटा कमी होतो, म्हणून बॉयलरवाल्यांना ही सवय लागली.

मग खरा आकडा किती? इथे एक जुना माणूस कामाला आला. सर रिचर्ड स्ट्रॅची, आयुष्याचा मोठा भाग हिंदुस्थानच्या बांधकाम आणि सिंचन खात्यात घालवलेला. १८७६-७८ च्या ज्या दुष्काळाने आपलं दख्खन होरपळलं, त्यानंतरच्या दुष्काळ आयोगाचा हाच अध्यक्ष. १८७८ मध्ये त्याने पिकांसाठी, ठराविक तापमानाच्या वर किती अंश किती काळ साचले ते मोजायची रीत मांडली. तीच उलटी केली की हीटिंगवाल्यांचे 'डिग्री-डे' होतात: बाहेरचं तापमान १५.५ अंशांच्या किती खाली, किती दिवस. आमच्या भागात वर्षाला साधारण २,२००.

आता बिल काढलं. वर्षाचा गॅस १८,००० युनिट. आंघोळ-स्वयंपाकाचे ३,००० वजा. उरलेल्या १५,००० चे बॉयलरच्या ८५ टक्के कार्यक्षमतेने १२,७५०. भागिले २,२००, भागिले २४ तास: दर अंशामागे ०.२४ किलोवॅट. बाहेर उणे तीन, आत एकवीस, फरक चोवीस. उत्तर ५.८ किलोवॅट. कोटेशनच्या निम्म्याहून कमी! (आणि यात ऊन, माणसं, ओव्हन यांची फुकटची उष्णता मी धरलेलीच नाही.)

दुसऱ्या बसवणाऱ्या बाईंनी प्रत्येक खोलीची भिंत, खिडकी, छत मोजलं. दोन तास लागले. त्यांचं उत्तर आलं ६.१. तेव्हा मला जो आनंद झाला तो घरात कुणालाच कळला नाही.

खरा प्रश्न यंत्राचा नव्हताच, रेडिएटरचा होता. बाहेर शून्य असताना ३५ अंशांचं पाणी करायचं तर सिद्धांताप्रमाणे एका युनिटला ८.८ युनिट उष्णता मिळते, ५५ अंशांचं करायचं तर सहाच. प्रत्यक्षात दोन्हीचं साधारण निम्मं हाती लागतं. आमच्या दराने वीज गॅसच्या चौपट महाग, म्हणजे वर्षाची सरासरी ३.४ च्या खाली गेली की बिल गॅसपेक्षा जास्त. तेव्हा पाणी कोमटच ठेवायला हवं. पण रेडिएटरवर छापलेली क्षमता असते सत्तरेक अंशांच्या पाण्याची. त्रेचाळीसच्या पाण्याला तोच रेडिएटर जेमतेम एक तृतीयांश उष्णता देतो. "हीट पंपाने घर गरमच होत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं, आणि उपाय म्हणून लोक मोठा पंप घेतात!

एक सूचना: डब्यावर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका. आपल्या भागातल्या सर्वात थंड रात्री, आपल्याला हव्या त्या पाण्याला, यंत्र किती देतं ते माहितीपत्रकातल्या तक्त्यात बघा. एक-दोन अंशांच्या दमट हवेत बाहेरच्या जाळीवर बर्फ धरतो आणि तो वितळवायला पंप मधूनमधून उलटा फिरतो, तेही त्यात धरलंय ना ते विचारा.

आईला शेवटी एसीच्या भाषेत सांगितलं. एक टन म्हणजे चोवीस तासांत एक अमेरिकन टन बर्फ वितळवण्याइतकी उष्णता, साडेतीन किलोवॅट. "म्हणजे तो माणूस साडेतीन टनाचा एसी देत होता?" ती म्हणाली. "आपल्या अख्ख्या सोसायटीच्या हॉलला चार आहे."

सात किलोवॅटचा, उणे तीनला साडेसहा देणारा पंप ठरवलाय. वाचलेले पैसे पाच मोठ्या रेडिएटरांत गेले. बसवणारे मार्चमध्ये येतायत. दिवाणखान्यातल्या नव्या रेडिएटरला जागा करायची तर बायकोचं पुस्तकांचं कपाट हलवावं लागणार आहे, आणि त्या वाटाघाटी अजून चालू आहेत.